रिपोर्टमधला ३.१ आणि चढलेले तीन मजले

पत्र, थोडक्यात: या वाचक ३६ वर्षांच्या आहेत. आयव्हीएफच्या पहिल्या ट्रान्सफरनंतर, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेलं भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर, दिवस राहिले, सातव्या आठवड्यात बाळाचे ठोके दिसले आणि नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ते थांबलेले होते. वर्षभराने, दुसऱ्या ट्रान्सफरच्या तयारीत, त्यांच्या गर्भाशयाचं डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झालं. रिपोर्टमध्ये 'पीआय ३.१' असा आकडा आला आणि तपासणाऱ्या डॉक्टर बोलता बोलता म्हणाल्या, "रक्तपुरवठा थोडा कमी वाटतोय." गर्भाशयाचं अस्तर ८ मिलिमीटरच्या वर होतं, म्हणून हॉर्मोनच्या गोळ्यांवर फ्रोझन, म्हणजे गोठवून ठेवलेल्या भ्रूणाचं, ट्रान्सफर झालं आणि आता पुन्हा दिवस राहिले आहेत. सहा आठवडे पूर्ण झालेत, पहिली सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. ट्रान्सफरच्या दिवसापासून त्या जवळजवळ सगळा दिवस पडून असतात. त्या लिहितात: "मागच्या वेळी लिफ्ट बंद होती म्हणून मी तीन मजले चढले आणि चार दिवसांनी ठोके थांबलेले निघाले. माझ्या पिशवीला रक्तच पोचत नाही, त्यात मी ते आणखी कमी केलं. आता अ‍ॅस्पिरिन चालू आहे. बहीण म्हणते, रक्त पातळ करायची इंजेक्शनं आणि सिल्डेनाफिलच्या गोळ्याही मागून घे. मागू का? दर आठवड्याला डॉप्लर करून घेऊ का? नवरा काहीच बोलत नाही. तो सोनोग्राफीच्या खोलीतही येत नाही, बाहेर बसून राहतो."

उत्तर:

हे तुम्ही आडव्या पडूनच वाचत असणार, म्हणून पहिली गोष्ट आधी सांगते. उठून बसा. घरात चाला, अंघोळ उभ्याने करा, जिना लागला तर हळूहळू चढा. तुमच्या डॉक्टरांनी पडून राहायला सांगितल्याचं पत्रात कुठेच नाही, तो नियम तुम्ही स्वतःला लावून घेतलाय. का लावून घेतलात हे मला कळतं. एकदा गमावल्यावर माणूस श्वासही जपून घेतो. पण या पडून राहण्याने बाळाला काही मिळत नाही आणि तुमचं मात्र नुकसान होऊ शकतं. ते कसं, हे पुढे येईलच.

आता तो ३.१.

रक्तवाहिनीतलं रक्त हृदयाच्या ठोक्यासरशी उसळतं आणि दोन ठोक्यांच्या मध्ये मंदावतं. सर्वांत जास्त वेगातून सर्वांत कमी वेग वजा करायचा आणि सरासरी वेगाने भागायचं, की पल्सॅटिलिटी इंडेक्स, म्हणजे पीआय मिळतो. पुढच्या बारीक वाहिन्यांमध्ये अडथळा जास्त असेल तर हा आकडा वाढतो. लक्षात घ्या, गर्भाशयात एकूण किती रक्त पोचलं हे पीआय मोजतच नाही. शिवाय तो पाळीच्या चक्राबरोबर बदलतो, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी बदलतो, डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळा येतो. गरोदरपणात तर तो आठवड्यांगणिक उतरत जातो. तुम्ही म्हणता की इंटरनेटवरच्या तक्त्यात पाहिलं तर तुमचा आकडा "दुप्पट-तिप्पट" निघाला. तो तक्ता बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या गरोदर स्त्रियांचा असणार. दिवस राहण्याच्या आधीचा आकडा त्या तक्त्यावर ठेवून बघणं म्हणजे लहान मुलाचं वजन मोठ्या माणसांच्या तक्त्यात शोधणं.

मग तीनच्या वर गेला की वाईट, हे आलं कुठून? १९९२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रान्सफरच्या दिवशी ज्यांचा पीआय ३ किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यापैकी कुणालाच त्या वेळी दिवस राहिले नव्हते. अभ्यास छोटा होता आणि पुढे झालेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आले नाहीत. तरी तो आकडा डोक्यांत बसला तो बसलाच. पण त्या अभ्यासाचा प्रश्न 'रुजेल का' एवढाच होता. रुजलेलं टिकेल का, हा प्रश्न निराळा. आणि त्या हिशेबाने पाहिलं तर तुमचं हे भ्रूण रुजायलाच नको होतं. ते रुजलंय.

शिवाय हा ३.१ दुसऱ्या ट्रान्सफरच्या आधीचा आहे. पहिल्या वेळी डॉप्लर झालंच नव्हतं. म्हणजे मागच्या दुःखाला तुम्ही वर्षभरानंतरच्या आकड्याने कारण दिलंत. ज्याला कारण नाही असं दुःख सहन होत नाही, हे मी समजू शकते. पण हा धागा पुराव्याने बांधलेला नाही, तुम्ही बांधलाय.

यापुढचं जरा सावकाश वाचा. तुमच्या भीतीच्या मुळाशी एक समज आहे आणि तो बहुतेक सगळ्यांचाच असतो: जितकं जास्त रक्त, तितकं बाळ सुरक्षित. पहिल्या दहा-बारा आठवड्यांत शरीर असं वागत नाही.

गर्भाशयाच्या मोठ्या रोहिणीला फाटे फुटत फुटत शेवटी अस्तरात नागमोडी, केसासारख्या बारीक वाहिन्या येतात. भ्रूण रुजलं की त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी, ज्यांची पुढे वार बनते, या नागमोडी वाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या तोंडाशी बूच लावल्यासारख्या बसतात. आईचं रक्त भरधाव आत येऊ नये म्हणून ही व्यवस्था असते. थोडा द्रव झिरपत राहतो, पण रक्ताचा पूर्ण प्रवाह वारेत सुरू होतो तो साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात, तोही एकदम न होता कडेकडेने आत सरकत. तोपर्यंत इवल्या भ्रूणाचं पोषण होतं ते अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर. आठव्या आठवड्यात वारेतल्या ऑक्सिजनचा दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, बाराव्यापर्यंत तो ५० च्या वर जातो. एरिक जॉनियॉ आणि ग्रॅहम बर्टन या संशोधकांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं की ज्या गर्भधारणा सुरुवातीलाच संपल्या, त्यांतल्या पुष्कळांमध्ये आईचं रक्त वेळेआधी आणि सगळीकडून आत घुसलेलं होतं. म्हणजे तुम्हाला वाटतं त्याच्या बरोबर उलट. ऑक्सिजनच्या अचानक माऱ्यापासून स्वतःला वाचवायची तयारी त्या कोवळ्या पेशींची अजून झालेली नसते.

कोवळ्या रोपावर कुणी पाट फोडत नाही. आळं करतात आणि पाणी मुरू देतात. तुमच्या शरीरात या क्षणी तेच चाललेलं असायला हवं.

आणि हे बूच सैल का राहतं? बऱ्याचदा भ्रूणाच्याच पेशी पुरेशा सशक्त नसतात, त्यांची संख्या आणि पकड कमी पडते, म्हणून. म्हणजे रक्तप्रवाहातला बिघाड दिसला तरी तो कारण असेल असं नाही, आधीच घडलेल्या गोष्टीचा परिणामही असू शकतो. हे वाक्य फाईलमध्ये लिहून ठेवा. 'रक्तपुरवठा कमी' हे शब्द पुन्हा कानावर पडले की तुम्हाला ते लागेल.

मग मागच्या वेळी काय झालं असेल? तुमची फाईल माझ्यापुढे नाही आणि त्या वेळी काढलेल्या उतींची जनुकीय तपासणी झाली नव्हती, म्हणून नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त भ्रूणातल्या गुणसूत्रांच्या चुकीमुळे होतात. ही चूक बहुतेकदा स्त्रीबीज तयार होताना, फलनाच्याही आधी झालेली असते आणि वयाबरोबर तिचं प्रमाण वाढतं. नॉर्वेतल्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. गर्भपाताचा धोका सत्ताविसाव्या वर्षी सर्वांत कमी, १०%, आणि पंचेचाळिशीनंतर ५३% असं त्यात दिसलं. तुमचं वय या दोन टोकांच्या मधोमध आहे, पण त्या वयातला धोका अलीकडच्या, कमी धोक्याच्या टोकाच्या जवळ आहे. आयव्हीएफ केलं म्हणून धोका फार वाढतो असंही नाही. वयाचा हिशेब धरला की फरक थोडाच उरतो.

त्या तीन मजल्यांबद्दल. ठोके थांबलेले दिसले चढल्यानंतर चार दिवसांनी. पण ते थांबले कधी? सोनोग्राफीत दिसतं तेव्हा ते अनेकदा काही दिवस आधीच घडून गेलेलं असतं. कदाचित तुम्ही पहिली पायरी चढलात त्याच्याही आधी. आणि समजा नसेलही घडलं, तरी जिना चढताना श्वास वाढतो, पायांच्या स्नायूंकडे रक्त जातं आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. निरोगी भ्रूण एवढ्याने जात नाही. जात असतं तर जिने असलेल्या घरांत मुलं जन्मलीच नसती. तुम्ही त्या दिवशी काहीही चुकीचं केलं नाही. हे तुम्हाला वर्षभरात कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते आहे.

पडून राहण्यालाही हेच लागू. ट्रान्सफरनंतर भ्रूण 'पडेल' असं वाटतं, पण गर्भाशयाच्या आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. दोन तळहात घट्ट जुळवून मध्ये वाळूचा कण ठेवावा, तसं ते असतं. ट्रान्सफरनंतर पडून राहून पाहिलेल्या स्त्रियांचे आणि लगेच उठून गेलेल्यांचे निकाल चाचण्यांमध्ये ताडून पाहिले गेलेत. पडून राहण्याचा फायदा दिसलेला नाही. उलट गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि तासन्‌तास न हलणं हे तिन्ही एकत्र आलं की पायाच्या शिरांमध्ये गाठ होण्याचा धोका वाढतो. गर्भाशयाच्या रक्ताची काळजी म्हणून जे करताय, त्याने पायांतलं रक्त साचतंय.

आता औषधं. इथे माझं मत ठाम आहे: बहिणीच्या सांगण्यावरून काहीही वाढवू नका आणि हा लेख वाचून काहीही बंद करू नका.

प्रोजेस्टेरॉन तर अजिबात चुकवू नका. नैसर्गिक चक्रात स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे पीतपिंड उरतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. तुमचं ट्रान्सफर हॉर्मोनच्या गोळ्यांवर झालं, म्हणजे या वेळी बहुधा पीतपिंड नाही. वार स्वतः पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागेपर्यंत बाहेरून दिलेल्या औषधावरच सगळं अवलंबून आहे. सोनोग्राफी चांगली आली म्हणून किंवा मळमळ होते म्हणून एक दिवसही स्वतःहून सोडायचं नाही. कधी थांबवायचं ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन बऱ्याच ठिकाणी दिलं जातं. कारण न सापडलेल्या गर्भपातांनंतर ते घेतल्याने मूल होण्याची शक्यता वाढते असं चांगल्या चाचण्यांत दिसलेलं नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी ते दुसऱ्या कारणासाठी दिलेलं असू शकतं. विचारा: कशासाठी, किती दिवस?

रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनच्या इंजेक्शनांचा एका आजारात खरोखर उपयोग होतो: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीराच्याच प्रतिद्रव्यांमुळे रक्तात गाठी होण्याचा आजार. त्यात हेपॅरिन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही देतात. त्याची रक्ततपासणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा जुळावी लागते. तुमची ती झाली आहे का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. पण आजार नसताना ही इंजेक्शनं बाळाला वाचवतात असं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलाइफ-टू चाचणीत रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या आणि दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे ज्यांना फायदा व्हायला हवा असं सगळ्यांना वाटत होतं, त्याच. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ७२% आणि न घेतलेल्यांपैकी ७१% स्त्रियांना मूल झालं. रोज पोटात सुई टोचून घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यात धीर देणारीही एक गोष्ट आहे. दोन-दोन, तीन-तीन वेळा गमावलेल्या त्या स्त्रियांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त जणींच्या हातात शेवटी बाळ आलं, इंजेक्शन असो वा नसो.

सिल्डेनाफिल रक्तवाहिन्या सैल करतं. काही जण ते पातळ अस्तरासाठी ट्रान्सफरच्या आधी वापरतात, तिथेही पुरावा तोकडाच आहे. तुमचं अस्तर पातळ नव्हतं आणि आता तर तुम्ही गरोदर आहात. गर्भाची वाढ खुंटलेल्या स्त्रियांना नंतरच्या महिन्यांत हेच औषध देऊन पाहणारी नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या गटातल्या नवजात बाळांमध्ये फुप्फुसांचे गंभीर त्रास आणि मृत्यू दिसले. तो टप्पा वेगळा होता हे खरं. पण 'रक्त वाढवणारं, म्हणजे निरुपद्रवी' असं समजू नये, एवढं त्यातून नक्की कळतं. नका मागू.

दर आठवड्याच्या डॉप्लरलाही माझा नकार. सुरुवातीच्या आठवड्यांत भ्रूणावर डॉप्लरचा झोत विनाकारण टाकू नये, असं सोनोग्राफी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनाच सांगतात, कारण त्याची ऊर्जा साध्या सोनोग्राफीपेक्षा जास्त असते. ठोके साध्या सोनोग्राफीतही दिसतात आणि मोजता येतात. शिवाय समजा आकडा आला ३.३, तर तुम्ही काय वेगळं करणार? ज्या तपासणीच्या उत्तराने उपचार बदलत नाहीत, ती दर आठवड्याला फक्त एक रात्र जागवते.

याचा अर्थ गर्भाशयाचा रक्तप्रवाह कधीच महत्त्वाचा नसतो असा नाही. त्याची वेळ पुढे आहे. बुचं निघाल्यावर त्या नागमोडी वाहिन्या रुंद, सैल व्हाव्या लागतात. त्या तशा झाल्या नाहीत तर पाचव्या महिन्यानंतर प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब घातक रीतीने वाढणं, आणि बाळाची वाढ कमी होणं, असे धोके असतात. हॉर्मोनच्या गोळ्यांवर झालेल्या फ्रोझन ट्रान्सफरनंतर प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका काहीसा जास्त दिसतो. म्हणून ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या रोहिण्यांचं डॉप्लर, रक्तदाब आणि तुमचा इतिहास एकत्र पाहून धोका ठरवता येतो. ज्यांना तो जास्त आहे त्यांना तेव्हापासून रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधीच्या प्री-एक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं, हे २०१७ च्या अ‍ॅस्प्री चाचणीत दिसलं. तुमची डॉप्लरची हौस तेव्हा भागवा, आणि ती तपासणी ठरवून घ्यायला विसरू नका.

तोवर जे खरंच हातात आहे ते साधं आहे. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. थायरॉइड आणि साखर तपासलेली नसेल तर तपासा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाहेर. दुखलं तर मनाने वेदनाशामक घेऊ नका. थोडे डाग दिसले तर लगेच धीर सोडू नका. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी साधारण एकीला रक्त दिसतं आणि त्यांतल्या अनेकींचं सगळं नीट पार पडतं. डॉक्टरांना कळवा मात्र. पण दोन तास लागोपाठ तासाला एक पॅड भिजत असेल, पोटात एकाच बाजूला तीव्र दुखत असेल, खांद्याच्या टोकाला कळ येत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारत असेल, तर फोनची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. आयव्हीएफनंतरही गर्भ नळीत रुजू शकतो. एक पाय सुजून दुखला किंवा अचानक दम लागला, तरीही तसंच.

पुढच्या आठवड्यात ठोके दिसले तर धोका बराच कमी होतो. ठोके स्पष्ट दिसले नाहीत तर घाईने निर्णय नको. भ्रूणाची लांबी ७ मिलिमीटर किंवा गर्भाभोवतीच्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर होण्याआधी एकाच सोनोग्राफीवरून 'संपलं' असं म्हणत नाहीत, काही दिवसांनी पुन्हा पाहतात. आणि जे मनातही आणू नये असं तुम्हाला वाटतंय ते पुन्हा घडलंच, तर उतींची जनुकीय तपासणी करून घ्या, म्हणजे या वेळी तरी उत्तर हाती राहील.

शेवटी तुमच्या नवऱ्याबद्दल. तो बोलत नाही याचा अर्थ तुम्ही 'त्यालाही मीच दोषी वाटते' असा लावलात. मला पत्रात वेगळा माणूस दिसला. मागच्या वेळी पडद्यावरची ती शांतता त्यानेही पाहिली होती आणि त्यानंतर तो त्या खोलीत गेलेला नाही. लंडन आणि ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ गमावल्यानंतर महिन्याभराने २९% स्त्रियांमध्ये आघातोत्तर ताणाची लक्षणं होती, नऊ महिन्यांनीही १८% स्त्रियांमध्ये ती उरलेली होती. ती दृश्यं पुन्हा पुन्हा दिसणं, झोप उडणं, त्या जागेपासून पळणं. तुमच्या पत्रात ही तिन्ही आहेत आणि त्याच्या वागण्यात निदान एक आहे. दोघांनी एकत्र समुपदेशकाकडे जा, सोनोग्राफीच्या आधी एकदा तरी. आणि आज रात्री त्याला तीन मजल्यांची गोष्ट सांगा. मला वाटतं, वर्षभर तुम्ही ती त्याला सांगितलेली नाही. मग विचारा, पुढच्या आठवड्यात आत येशील का? नाही म्हणाला तर निदान दाराशी उभा राहा म्हणावं, आणि दार थोडं उघडं ठेवू द्यायची विनंती डॉक्टरांना आधीच करून ठेवा.